उभ्या मोटारीतील गळती

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावे मागे टाकीत लातूरला जाणारा रस्ता एरवी रात्रंदिवस वाहता असतो. उसाने लादलेले ट्रॅक्टर, एस. टी. च्या गाड्या, सोयाबीनची पोती घेऊन आडत बाजाराकडे निघालेले टेम्पो आणि लहानमोठ्या मोटारी यांची त्यावर सारखी वर्दळ असते. २०२० सालच्या मार्च महिन्यात हा रस्ता एकाएकी ओस पडला. करोनाच्या साथीमुळे २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी पुकारण्यात आली. आरंभी ती एकवीस दिवसांची होती. पुढे मुदत वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेली. मोटारी अंगणात, गल्लीत, कडुनिंबाच्या सावलीत जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांच्यावर धूळ साचली, पाने पडली.

टाळेबंदी सैल झाल्यावर मालकांनी किल्ली हाती घेतली, तेव्हा पुष्कळांच्या वाट्याला एकच अनुभव आला. किल्ली फिरवावी, तर इंजिन सुरू होण्याऐवजी बॉनेटखालून नुसता 'टक् टक्' असा क्षीण आवाज यावा. समोरचे दिवे क्षणभर मिणमिणावेत आणि विझून जावेत. काही गाड्यांतून तर तेवढाही आवाज निघाला नाही. गाडीला कोणी हात लावला नव्हता. दिवे बंद होते, किल्ली घरात खुंटीला टांगलेली होती. तरीही बॅटरी पार उतरली होती. मग तिच्यातील वीज गेली कोठे?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. खेड्यातील घरी मध्यरात्री कोणाला सर्पदंश झाला, किंवा बाळंतिणीला तातडीने हलवावे लागले, म्हणजे अंगणातील मोटार हाच दवाखान्यापर्यंतचा आधार असतो. अशा वेळी ती सुरू न होणे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

मोटारीची बॅटरी म्हणजे विजेचा रांजण, असे स्थूलमानाने म्हणता येईल. मात्र या रांजणात वीज पाण्यासारखी ओतून ठेवलेली नसते. बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या व शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडवलेल्या असतात. पट्ट्या आणि आम्ल यांच्यात रासायनिक क्रिया घडली की वीज निर्माण होते. उलट बाहेरून वीज दिली की तीच क्रिया उलट्या दिशेने होऊन बॅटरी पुन्हा भरते. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली असा घट प्रथम तयार केला. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी आपल्या मोटारींत आजही मुख्यतः तोच घट काम करीत आहे. प्रत्येक कप्पा सुमारे दोन व्होल्ट दाब देतो, म्हणून सहा कप्प्यांच्या बॅटरीला 'बारा व्होल्टची बॅटरी' म्हणतात. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून मोजली, तर तिचा दाब साडेबारा व्होल्टहून किंचित अधिक भरतो. तो १२.२ व्होल्टच्या आसपास आला, की बॅटरी निम्मी रिकामी झाली असे समजावे.

रांजणात पाणी किती मावते हे आपण लिटरमध्ये सांगतो. बॅटरीत वीज किती मावते हे 'अँपिअर-तास' या मापाने सांगतात. लहान मोटारीची बॅटरी साधारणतः ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे तिच्यातून एक अँपिअरचा प्रवाह सतत वाहू दिला, तर तो सुमारे ३५ तास पुरेल. गाडी चालू असताना इंजिनाच्या जोडीने फिरणारा अल्टरनेटर ही बॅटरी पुन्हा भरीत असतो. परंतु गाडी उभी राहिली, म्हणजे भरणारा हात थांबतो.

बॅटरीचे सर्वांत कष्टाचे काम म्हणजे इंजिनाला पहिला हिसका देणे. पूर्वी हे काम मनुष्याला करावे लागे. जुन्या मोटारींना व ट्रकांना पुढच्या बाजूने लोखंडी हँडल मारीत असत, आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारींना विजेचा स्टार्टर बसवण्यात आला आणि हळूहळू हँडल अडगळीत गेले. आपल्याकडील लोक या स्टार्टरला 'सेल्फ' म्हणतात. सेल्फ मारताना लहान मोटारीतही शंभर-दीडशे अँपिअर इतका प्रचंड प्रवाह वाहतो. तो ऐकून वाटते, की बॅटरी उतरवणारा खरा चोर हाच असला पाहिजे. पण हिशेब करून पाहावा. दीडशे अँपिअरचा प्रवाह दोन सेकंद वाहिला, तर तो एक अँपिअरचा प्रवाह पाच मिनिटे वाहण्याबरोबर होतो. आता याच गाडीतील एखाद्या क्षुल्लक यंत्राने, सर्व काही बंद असताना, एका अँपिअरचा केवळ चाळिसावा भाग, म्हणजे २५ मिलिअँपिअर, एवढाच प्रवाह घेतला असे समजू. सेल्फने दोन सेकंदांत जेवढी वीज खाल्ली, तेवढी हे क्षुल्लक यंत्र तीन तास वीस मिनिटांत खाते. दिवसाचे तास चोवीस. अर्थात गाडी नुसती उभी असली, तरी दिवसाकाठी सात वेळा सेल्फ मारण्याइतकी वीज निमूटपणे निघून जाते. आणि सेल्फ मारल्यावर अल्टरनेटर ती भरून काढतो, ही मात्र कोणीच भरून काढीत नाही.

उभ्या गाडीत वीज घेणारे असते तरी कोण? पहिले म्हणजे घड्याळ. ते थांबून चालत नाही. चोराची चाहूल घेणारा भोंगा सदैव जागा असतो. किल्लीवरील बटणाची खूण दुरून ओळखून दार उघडणारे यंत्र त्या खुणेची वाट पाहत कान टवकारून बसलेले असते. इंजिनाचे नियंत्रण करणारा लहानसा संगणक आपली स्मृती जपण्यासाठी थोडी वीज घेतो. या साऱ्यांची मिळून मागणी निरोगी गाडीत वीस ते पन्नास मिलिअँपिअर असते, आणि तिला दोष म्हणता येत नाही. जुन्या जीपगाडीत यांपैकी काहीच नसे. म्हणून ती महिनाभर उभी राहिली तरी तिच्या मालकाला चिंता नसे. नव्या मोटारीची सोय अधिक, तशी तिची रात्रीची भूकही अधिक.

टाळेबंदीतील गाड्यांचे कोडे आता सुटते. २५ मार्चपासून ३१ मेपर्यंत अडुसष्ट दिवस होतात. २५ मिलिअँपिअर या बेताच्या प्रवाहानेही अडुसष्ट दिवसांत सुमारे ४१ अँपिअर-तास वीज खर्च होते, आणि बॅटरी तर ३५ अँपिअर-तासांचीच! गाडीत कसलाही बिघाड नसताना ती रिकामी होणे क्रमप्राप्तच होते. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणी पारा चाळिशी ओलांडतो. बॅटरी कशालाही जोडलेली नसली, तरी आतल्या आत ती थोडी थोडी उतरतच असते, आणि उष्णतेने ही क्रिया झपाट्याने वाढते. थंडीत गाडी सुरू होत नाही, म्हणून लोक थंडीला बोल लावतात. प्रत्यक्षात बॅटरीची झीज बव्हंशी उन्हाळ्याने आधीच करून ठेवलेली असते.

ही झाली रीतसर खर्चाची गोष्ट. खरी अडचण येते ती गाडीत गळती असली म्हणजे. रात्री गाडी ठीक चालत होती, दोन दिवसांनी पाहावे तर ती मुकी झालेली. बॅटरी भरून आणावी, पुन्हा दोन दिवसांनी तेच. घाईचे मालक अशा वेळी नवी बॅटरी विकत घेतात. नवी बॅटरीही तिसऱ्या दिवशी उतरते, आणि मग दुकानदाराशी भांडण होते. तळाला भोक पडलेल्या माठाऐवजी पाणी भरणारणीला दोष देण्यासारखेच हे आहे.

गळतीची कारणे नाना प्रकारची असतात. सामानाच्या डिकीतील दिवा झाकण लावल्यावरही विझत नाही. बाहेरून बसवलेला मोठ्या आवाजाचा संगीतसंच किल्लीच्या बटणातून न घेता थेट बॅटरीला जोडलेला असतो. एखादा रिले चिकटून बसतो आणि पंखा किंवा पंप यांचा मार्ग उघडा राहतो. उंदीर बॉनेटखाली शिरून तारांचे वेष्टण कुरतडतात. अल्टरनेटरमध्ये वीज एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड असतात. ते नासले, की जो बॅटरी भरतो तोच तिला रिती करू लागतो. यांतील पाच वॅटचा इवलासा दिवा घेऊ. तो सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे दिवसाला जवळजवळ दहा अँपिअर-तास. दोन दिवसांच्या आतच ३५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी होते.

ही गळती शोधावी कशी, हे समजण्यासाठी लातूरकरांना दूर जावयास नको. २०१६ सालच्या दुष्काळात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. १२ एप्रिल रोजी पहिली गाडी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली. ज्या गावाने पाण्याचा असा हिशेब ठेवला आहे, त्याला सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी दिवसात चार लिटर पाणी घालवते हे पटवून द्यावे लागत नाही. पण गळणारी तोटी डोळ्यांना दिसते. जमिनीखाली फुटलेला नळ दिसत नाही. तो शोधण्याची पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांची एक युक्ती आहे. मध्यरात्री, सारे गाव झोपले असताना, मुख्य नळावरील मापकाकडे पाहावयाचे. कोणी पाणी घेत नसतानाही काटा फिरत असेल, तर पाणी कोठेतरी वाया जात आहे. मग एकेका भागाची झडप बंद करीत जावयाचे. ज्या भागाची झडप बंद होताच काटा मंदावतो, त्या भागात गळती.

मोटारीतही हीच युक्ती चालते. येथे 'मध्यरात्र' म्हणजे गाडी पूर्णपणे झोपलेली असणे, मापक म्हणजे अँपिअर मोजणारा मीटर, आणि झडपा म्हणजे फ्यूज.

तत्पूर्वी एक साधी परीक्षा करून घेणे शहाणपणाचे असते. बॅटरी पूर्ण भरावी, गाडीपासून सोडवून दोन रात्री तशीच ठेवावी आणि दाब मोजावा. सोडवून ठेवलेली बॅटरीही उतरली, तर दोष तिच्यातच आहे. तिचे आयुष्य संपत आले आहे. ती जशीच्या तशी राहिली आणि गाडीला जोडल्यावरच उतरली, तर चोर गाडीत आहे. पुष्कळ मिस्त्री या परीक्षेला वेळ देत नाहीत, आणि अर्धा दिवस भलतीकडेच शोध करीत बसतात.

चोर गाडीत आहे असे ठरल्यावर मिस्त्री किल्ली काढून दूर ठेवतो, दारे बंद करतो, आणि बॉनेट उघडे असले तरी त्याची कडी पेचकसाने दाबून ते बंद असल्याचा भास गाडीला करून देतो. नंतर तो बॅटरीची ऋण तार सोडवतो. ऋणच का? मोटारीचा सारा लोखंडी सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोक सोडवताना हातातील पाना चुकून सांगाड्याला टेकला, तर बॅटरीतील शेकडो अँपिअर प्रवाह त्या पान्यातून उसळतो, ठिणग्या उडतात, पाना लाल होतो. शिवाय भरती असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने पेट घेतो. ऋण टोक आधी सोडवले, म्हणजे हा धोका राहत नाही. जोडताना ते सर्वांत शेवटी जोडावयाचे. हातातील अंगठी व कडे काढून ठेवणारा मिस्त्री जाणता समजावा. मुलांनी हे काम दुरून पाहावे. आम्ल आणि ठिणगी या दोन्हींशी एकट्याने खेळ करू नये.

सोडवलेली तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये आता मीटर जोडतात. गाडीत जाणारा प्रत्येक अँपिअर त्या मीटरमधूनच गेला पाहिजे, अशी ही रचना असते. येथे नवशिक्याची हमखास फसगत होते. मीटर जोडताच काटा दोन-चार अँपिअर दाखवतो, आणि त्याला वाटते गळती सापडली. वास्तविक तार जोडल्याबरोबर गाडीतील सारे संगणक दचकून जागे झालेले असतात. ते पुन्हा झोपी जाण्यास अर्धा तास, काही गाड्यांत त्याहूनही अधिक वेळ लागतो. तोवर स्वस्थ बसून राहणे, हाच या कामाचा सर्वांत अवघड भाग आहे. त्या अवधीत कोणी दार उघडले, तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावावे. आणि मीटर जोडलेला असताना कोणी सेल्फ मारला, तर दहा अँपिअरपुरता बनवलेला तो बिचारा मीटर दीडशे अँपिअरच्या लोंढ्यात जळून जातो.

गाडी झोपल्यावर काटा तीस मिलिअँपिअरवर स्थिरावला, तर सर्व क्षेम आहे. तो चारशेवर अडकून राहिला, तर मात्र एकेक फ्यूज उपसावयास आरंभ करावा. उपसावा, काटा पाहावा, परत बसवावा. पहिला काढला, काटा हलत नाही. दुसरा, तिसरा, तरी नाही. एखादा फ्यूज काढताच काटा चारशेवरून तिसावर घसरतो. सापडले! तो फ्यूज कोणकोणत्या वस्तूंना वीज पुरवतो हे झाकणाच्या आतील बाजूस छापलेले असते. मग त्या दोन-तीन वस्तूंपैकी एकेक सोडवून पाहणे तेवढे उरते. नव्या गाड्यांत फ्यूज परत बसवताच त्या शाखेचा संगणक पुन्हा जागा होतो व गोंधळ माजतो. म्हणून हल्लीचे कुशल मिस्त्री फ्यूज उपसतच नाहीत. फ्यूजच्या दोन टोकांना मीटर टेकवून ते त्यामधील अतिसूक्ष्म दाब मोजतात. प्रवाह वाहत असेल, तेथेच असा दाब आढळतो. नळ न फोडता त्याला कान लावून पाण्याची खळखळ ऐकावी, तसा हा प्रकार आहे.

सगळे फ्यूज काढूनही काटा हलला नाही, तर संशय फ्यूजवाचून जाणाऱ्या जाड तारांवर जातो: अल्टरनेटर, सेल्फ, किंवा मागाहून कोणीतरी परस्पर जोडलेली एखादी वस्तू. ही शेवटची शक्यता आपल्याकडे फार आढळते, कारण दुकानात अर्ध्या तासात बसवून दिलेल्या सामानाची तार कोठून कोठे गेली, याची नोंद कोणीच ठेवीत नाही.

डिकीच्या दिव्याची गंमत निराळीच आहे. झाकण लावले की तो विझतो, असे सर्व जण मानतात. पण झाकण लावल्यावर आत पाहणार कोण? जुने मिस्त्री झाकण अर्धा तास बंद ठेवून एकदम उघडीत आणि दिव्याला बोट लावून पाहत. काच गरम लागली, तर दिवा आत जळतच होता. आजची मुले चित्रीकरण चालू केलेला मोबाईल फोन आत ठेवून झाकण लावतात आणि क्षणात निकाल सांगतात!

गळती सापडली, तरी ती लगोलग दूर करता येईलच असे नाही. सुटा भाग मिळण्यास आठवडा लागतो. तोवर गाडी उभी करताना तो विशिष्ट फ्यूज काढून ठेवावा, आणि ते शक्य नसेल तर बॅटरीची ऋण तारच सोडून ठेवावी. गाडी महिनाभर वापरावयाची नसेल, तर निरोगी गाडीलाही हाच उपाय लागू आहे. यात घड्याळ मागे पडते, रेडिओ आपली केंद्रे विसरतो आणि चोराचा भोंगा मुका होतो, एवढी किंमत द्यावी लागते. काही जण दररोज पाच मिनिटे गाडी जागीच सुरू करून बंद करतात. त्यात विशेष अर्थ नाही. मंद फिरणाऱ्या इंजिनावर अल्टरनेटर थोडीच वीज देतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धापाऊण तास गाडी रस्त्यावर चालवणे कितीतरी बरे. बॅटरीचा माथाही कोरडा व स्वच्छ असावा. धूळ आणि आम्लाची ओल यांचा थर दोन टोकांमध्ये बसला, की त्यातूनही वीज पाझरते. कप्प्यांची झाकणे घट्ट लावून, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने तो पुसून काढतात. टोकांवर चढलेली पांढरट-हिरवी बुरशीही त्यानेच निघते.

उतरलेली बॅटरी तशीच पडू देणे मात्र सर्वांत वाईट. वीज खर्च होताना पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा मऊ थर जमतो. बॅटरी लवकर भरली, तर तो विरघळतो; आठवडेच्या आठवडे तशीच राहिली, तर त्याचे कठीण स्फटिक बनतात, आणि मग कितीही वीज दिली तरी बॅटरी पूर्वीइतकी भरत नाही. टाळेबंदीनंतर कित्येकांनी शेजारच्या गाडीला तारा जोडून आपली गाडी सुरू करून घेतली खरी, पण पुढे त्यांतील अनेक बॅटऱ्यांनी फार दिवस साथ दिली नाही, ती याच कारणाने.

आता विजेवर चालणाऱ्या मोटारीही नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर दिसू लागल्या आहेत. त्यांच्या पोटात मोठी बॅटरी असते. तेव्हा त्यांना ही पीडा नसावी, असे कोणासही वाटेल. परंतु त्यांतील दारे, दिवे आणि संगणक चालवण्यासाठी बारा व्होल्टची एक लहान बॅटरी बहुधा निराळी बसवलेली असते. ती उतरली, तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही, आणि पुष्कळदा दारही उघडत नाही.